मरणाऱ्या पेशंटचं कामही ड्यूटी-चार्टवर घ्या

पत्र: मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात नर्स आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविड वॉर्डात नाइट केल्या, आता इंचार्ज आहे. परत अशी साथ आली तर शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचं नर्सिंग कसं करायचं, याचा एक कागद मेट्रननी माझ्याकडे मागितलाय. नवीन मुली विचारतात, मॉर्फिन दिलं आणि पेशंट गेला तर आमच्यावर येईल का? घशात घरघर सुरू झाली की सक्शन, म्हणजे नळीने लाळ ओढणं, लावायचं का? नातेवाईक गंगाजल पाठवतात, ते द्यायचं का? आणि एक माझं. एका आबांनी विचारलं होतं, ‘सिस्टर, मी वाचतो न्हवं?’ मी म्हटलं, ‘उद्या घरी जाणार तुम्ही.’ पहाटे ते गेले. दुसरं काय म्हणायला हवं होतं?
— एक सिस्टर

ताई,

कागदाच्या पहिल्या ओळीत औषध लिहू नका, नाव लिहा. पेशंट शेवटच्या टप्प्यात आहे असं राउंडला ठरलं की डॉक्टरांकडून ते केसपेपरवर लिहून घ्यायचं आणि त्या पाळीत त्या पेशंटची सिस्टर कोण, तेही खाली लिहायचं. साथीत नेमकं हेच राहून जातं. वॉर्ड भरलेला, हात मोजके, आणि सगळ्यांचं लक्ष ज्यांचं सॅच्युरेशन अजून सुधारू शकतं त्यांच्याकडे. मरणारा पेशंट ‘वेळ मिळाला की बघू’ या रांगेत जातो, आणि तो वेळ काही मिळत नाही. त्याचं काम खरं तर दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटांचं असतं. तोंड पुसणं, कूस बदलणं, दम आणि तळमळ बघणं, लघवी झाली का बघणं, घरच्यांना निरोप देणं. चार्टवर रात्री १०, १२, २, ४ अशा वेळा घाला. मग हँडओव्हरला कुणीतरी विचारतं की दोनचं झालं का.

हृदय थांबल्यावर छाती दाबायची की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा आणि तो घरच्यांशी बोलून आधी झालेला असावा. त्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रात्री तीन वाजता ड्यूटीवरच्या नवीन सिस्टरने तो घ्यायचा नाही, म्हणून संध्याकाळच्या राउंडला इंचार्जनेच विचारून ठेवावं. घरच्यांशी बोलताना एक सांभाळा. कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे थोरला दवाखाना. ‘सीपीआर देणार नाही’ हे फोनवर कानावर पडलं तर चंदगडच्या माणसाला वाटेल की त्याच्या वडिलांना सरकारी रुग्णालयात न्यायला आपण नकार देतोय. ‘छाती दाबून हृदय चालू करणं’ असंच म्हणा.

शेवटचे तास जवळ आले हे कशावरून ओळखायचं, ते नवीन मुलींना दाखवून ठेवा. गुडघ्यांवर आणि तळपायांवर निळसर जाळी दिसते, हातपाय गार पडतात, लघवी जवळजवळ थांबते, श्वास काही वेळ जोरात आणि मग मोठ्या खंडाने येतो, जबडा श्वासाबरोबर हलू लागतो. कॅन्सरच्या पेशंटमध्ये हे दिवसांवर चालतं. कोविडसारख्या फुफ्फुसाच्या आजारात काही तासांत उरकतं, त्यामुळे औषधांची ऑर्डर आधीच लिहिलेली नसेल तर पेशंट तिची वाट बघत जातो. या टप्प्यात दर तासाची शुगर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), बीपीचा कफ डॉक्टरांना विचारून बंद करून घ्या. मॉनिटरचा आवाज बंद करा. त्या आवाजाचा उपयोग कुणाला नसतो आणि शेजारच्या बेडवरचे जागे असतात.

आता मॉर्फिन. मुलींची भीती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. दमासाठी लागणारा डोस लहान असतो. आधी मॉर्फिन न घेतलेल्या प्रौढाला साधारण २.५ मि.ग्रॅ. त्वचेखाली, म्हाताऱ्या किंवा खंगलेल्याला १ मि.ग्रॅ.पासून. अर्ध्या तासाने बघायचं आणि ऑर्डरप्रमाणे परत द्यायचं. अशा रीतीने थोडंथोडं वाढवत दिलेल्या मॉर्फिनमुळे मरण लवकर येत नाही, दमाची जाणीव कमी होते. धोका आहे तो सिरिंज भरताना. आपल्याकडे ॲम्प्यूल १ मि.लि.मध्ये १० मि.ग्रॅ. आणि १ मि.लि.मध्ये १५ मि.ग्रॅ. अशा दोन्ही ताकदीच्या मिळतात. पीपीई, धुकं धरलेली शील्ड, रात्रीचा अर्धा उजेड, आणि हातात छोटी ॲम्प्यूल. म्हणून वॉर्डात एकच नियम ठेवा. १० ची असेल तर ९ मि.लि. सलाइन, १५ ची असेल तर १४ मि.लि. सलाइन, म्हणजे दोन्हीकडे १ मि.लि. बरोबर १ मि.ग्रॅ. सिरिंजवर लगेच पट्टी, त्यावर औषध, ताकद, वेळ, सही. ॲम्प्यूल दुसऱ्या सिस्टरने मोठ्याने वाचायची. रजिस्टरला दोन सह्या, उरलेलं औषध साक्षीदारासमोर टाकायचं, रिकामी ॲम्प्यूल जपून ठेवायची.

क्रिएटिनिन चढलेलं असेल, म्हणजे किडनी नीट काम करत नसेल, तर मॉर्फिन शरीरात साठतं. पेशंट गुंगीत जातो, हातापायांना बारीक झटके येतात. झटके दिसले की डोस वाढवायचा नाही, डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्यायचा, दोन डोसमधलं अंतर वाढवायचं किंवा मॉर्फिनऐवजी त्याच जातीचं फेंटानिल मागायचं.

‘आमच्यावर येईल का’ याचं उत्तर नोंदीत आहे. ‘मॉर्फिन दिले’ एवढंच लिहिलं तर येऊ शकतं. असं लिहा: ‘२.१० वा. श्वास मिनिटाला ३४, खांदे उचलून, कपाळाला आठ्या. डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे २.५ मि.ग्रॅ. त्वचेखाली. २.४० वा. श्वास २४, कपाळ सैल, हाक मारल्यावर डोळे उघडतो.’ यात का दिलं, किती दिलं आणि काय झालं, सगळं आलं. औषध रुग्णालयात आहे का, ही चौकशीही साथ येण्याआधीच करायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर अंमली पदार्थांच्या कायद्यात मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय. तुमच्या रुग्णालयाकडे ती मान्यता आहे का, ते फार्मसीला विचारा.

शिरेची लाइन गेली की रात्री दहा ठिकाणी टोचत बसू नका. २४ नंबरची बटरफ्लाय (पंखांची बारीक सुई) दंडावर किंवा गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेखाली बसवा, वर पारदर्शक पट्टी लावा आणि तारीख घाला. तीन दिवस चालते. लाली किंवा गाठ दिसली तर आधीच बदला.

तळमळ दिसली की लगेच मिडॅझोलामकडे, म्हणजे गुंगीच्या औषधाकडे, हात जातो. आधी ओटीपोट चाचपून बघा. तुंबलेली लघवी, ओलं अंथरूण, कानामागे रुतलेला मास्कचा पट्टा, यातलं काही असेल तर औषधाने फक्त पेशंटचा आवाज बंद होतो. हे सगळं तपासून झाल्यावरही घाबरा असेल तर ऑर्डरप्रमाणे मिडॅझोलाम २.५ मि.ग्रॅ. त्वचेखाली. भ्रमात बडबडत, ओढाताण करत असेल तर हॅलोपेरिडॉल ०.५ ते १ मि.ग्रॅ.

ऑक्सिजनमध्ये एक चूक हमखास होते. ‘आता कम्फर्ट केअर’, म्हणजे फक्त त्रास कमी करायचा, असं ठरलं की पिशवीवाल्या मास्कवरच फ्लो १५ वरून ५ लिटरवर आणला जातो. त्या मास्कला किमान १० लिटर लागतात. कमी केलं की पिशवी चपटी होते, पेशंट आपलाच सोडलेला श्वास परत घेतो आणि आणखी घुसमटतो. फ्लो कमी करायचा तर मास्क काढून नाकातल्या नळीवर २ ते ४ लिटर ठेवा, त्याआधी मॉर्फिन पोचलेलं असू द्या, आणि आकड्याऐवजी चेहरा बघा. दमासाठी तोंडावर छोटा पंखा धरतात, तो हवेतून पसरणाऱ्या आजारात नको. गार पाण्यात पिळलेला रुमाल गालांवर आणि कपाळावर ठेवा, तेवढा उपयोग होतो.

घरघर. पेशंटला गिळता येत नाही, घशात लाळ साठते आणि श्वासाबरोबर ती वाजते. बहुतेक वेळा तोवर तो बेशुद्ध असतो, त्याला त्रास होतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. ऐकणाऱ्याला मात्र सहन होत नाही, आणि म्हणून सक्शन लावलं जातं. खोल सक्शन नको. त्याने उबळ येते, रक्त येतं, लाळ परत भरते, आणि साथीच्या आजारात तुमच्या तोंडासमोर थेंबांचा फवारा उडतो. पेशंटला कुशीवर घ्या, पाठीमागे उशी, तोंड किंचित खाली. तोंडात दिसतंय तेवढंच गॉजने किंवा यँकॉरने (तोंडापुरत्या सक्शनच्या कडक नळीने) टिपा. ग्लायकोपायरोलेट ०.२ मि.ग्रॅ. किंवा हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मि.ग्रॅ. त्वचेखाली देतात, पण ते नवीन लाळ कमी करतं, साठलेली काढत नाही. म्हणून आवाज पहिल्यांदा आला तेव्हाच द्यायचं, चार तास वाट बघून नाही. आणि सलाइन बघा. शेवटच्या दिवशीही दोन लिटर सुरू असेल तर ते पाणी छातीत आणि घशातच येणार. डॉक्टरांना कमी करायला सांगा. ‘पाण्यावाचून गेला’ अशी घरच्यांची भीती असते, त्यांना तोंड ओलं ठेवतोय हे सांगा आणि खरंच ठेवा. दर दोन तासांनी ओला गॉज, ओठांना पाण्यात विरघळणारं मलम, डोळे अर्धे उघडे असतील तर थेंब. नाकाच्या हाडावर मास्कने जखम होते, तिथे आधीच हायड्रोकोलॉइडच्या पातळ, मऊ पट्टीचा तुकडा लावा.

गंगाजल द्या. द्यायचंच. चमच्याने घशात ओतू नका, एवढं फक्त पाळा. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, चमचाभर पाणी सरळ श्वासनलिकेत जातं. डोकं एका कुशीला वळवा, गॉज बुडवून पिळा, ओठांवर आणि गालाच्या आत फिरवा. दोन-तीन थेंब पुरतात. तुळशीचं पान जिवंतपणी जिभेवर ठेवू नका, ओठांवर किंवा छातीवर ठेवा. मुस्लिम कुटुंबाने झमझम पाठवलं तर तीच पद्धत. फोनवरून कुणी कलमा म्हणेल, कुणी णमोकार, कुणी हरिपाठ. फोन कानाशी धरायला दोन मिनिटं लागतात. बेशुद्ध पेशंटपुढेही धरा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात हॉस्पिसमधल्या काही बेशुद्ध रुग्णांच्या मेंदूने मरणाच्या काही तास आधीही आवाजाला प्रतिसाद दिलेला आढळला.

तुमच्या आबांचा प्रश्न. ‘उद्या घरी’ या शब्दांनी त्यांचं मरण अलीकडे आलं नाही की पलीकडे गेलं नाही, हे आधी स्पष्ट करतो. पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगायला हवं की त्या उत्तराने पुढचं बोलणं थांबतं. जो विचारतो त्याला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो. त्याला कुणाला तरी फोन करायचा असतो, सोसायटीच्या कर्जाचं सांगायचं असतं, धाकट्याशी तुटलेलं बोलणं जोडायचं असतं. ‘उद्या घरी’ ऐकल्यावर तो ते उद्यावर टाकतो.

म्हणून आधी उलट विचारा. ‘आबा, तुमास्नी काय वाटतंय?’ आणि गप्प राहा. पीपीईत दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, तरी थांबा. ‘मला काय खरं दिसंना’ असं ते म्हणाले, तर ‘आजार लई वाढलाय आबा. डॉक्टर करतायत, पण काळजी मलाबी वाटतीय. दम लागू देणार न्हाई, मी हितंच आहे. कुणाशी बोलायचंय?’ एवढं पुरतं. तुमच्या तोंडात कोल्हापुरी बसत नसेल तर तुमच्या भाषेत बोला, ओढून आणू नका. ‘वाचणार नाही’ असं तोंडावर टाकायचं नाही, ‘देवावर सोडा’ म्हणून पुढच्या बेडकडेही जायचं नाही. काही जण ‘नको सांगूस काही’ म्हणतात, मग खरंच सांगायचं नाही. आणि फोन लाव म्हणाले तर तो त्याच वेळी लावायचा, राउंड झाल्यावर नाही. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी घरच्यांकडे राहिलेली असते. भरती करतानाच मागून घ्या. ऐकू न येणाऱ्या माणसाशी मास्कमधून हे बोलणं अशक्य असतं. गाऊनवर छातीशी मार्करने तुमचं नाव मराठीत ठळक लिहा.

व्हिडिओ कॉलची तयारी अशी. वॉर्डाचा एक फोन, झिपच्या पारदर्शक पिशवीत, प्रत्येक वापरानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसलेला. आधी साधा फोन करून घरच्यांना सांगा की काय दिसणार आहे. चेहरा सुजलाय, तोंडात नळी आहे, डोळे मिटलेले असतील. न सांगता कॅमेरा फिरवला तर पलीकडे किंकाळी फुटते आणि सगळा कॉल त्यातच जातो. लहान मुलं समोर बसवायची का, हे त्यांनाच ठरवू द्या. शेजारचा बेड दिसणार नाही असा कोन धरा, रेकॉर्ड करू नका असं सांगा. गगनबावडा, भुदरगड, चंदगड इकडच्या वाड्यांवर रेंज दगा देते, तेव्हा व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप मागवून कानाशी लावा.

आणि आमचं ठाम मत, प्रशासनाला पटो न पटो. एका नातेवाइकाला पंधरा मिनिटं आत आणता येतं. एन-९५, गाऊन, हातमोजे, शील्ड. घालताना फारसं चुकत नाही, काढताना चुकतं, म्हणून बाहेर पडताना एक सिस्टर समोर उभी राहून एकेक पायरी सांगेल आणि प्रत्येक पायरीनंतर हात स्वच्छ करायला लावेल.

गेल्यावरचा फोन. ‘सिरियस आहे, लगेच या’ असं मेलेल्या माणसाबद्दल सांगायची पद्धत बंद करा. माणसं रात्री घाटातून गाडी पळवत येतात, आणि वेळ बघून त्यांना कळतं की तेव्हाच संपलं होतं. त्यानंतर तुमच्या एकाही शब्दावर ती विश्वास ठेवत नाहीत. कोण बोलतंय, पेशंटचे कोण, गाडी चालवताय का, जवळ कुणी आहे का, हे आधी विचारा. मग ‘वाईट बातमी आहे. तुमचे वडील पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी वारले.’ त्यापुढे त्यांचं रडणं थांबेपर्यंत काही नाही. कागदपत्रांचं सगळ्यात शेवटी. घरचे विचारतील, ‘त्रास झाला का?’ चार्टवर नोंद असेल तर खरं उत्तर देता येतं.

मृतदेहाबाबत १५ मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचना कोविडसाठी होत्या. त्यात गळती न होणारी पिशवी, नळ्या काढलेल्या जागा १ टक्का हायपोक्लोराइटने पुसून पट्टी, एवढं होतं. पण पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवायला, शरीराला हात न लावता पाठ म्हणायला, पाणी शिंपडायला त्यात मुभा होती, आणि अस्थी-राखेपासून धोका नाही असंही लिहिलं होतं. हे खाली पोचलं नाही म्हणून कित्येकांनी चेहरा पाहिला नाही आणि रक्षाविसर्जनालाही माणसं घाबरली. पुढची साथ दुसऱ्या जंतूची असेल तर नियम बदलतील, त्या वेळचं परिपत्रक मूळ वाचा, ऐकीव नको. ओळखीची चिठ्ठी दोन ठिकाणी, मनगटावर आणि पिशवीवर. चेहरा दाखवून नातेवाइकाची सही मगच चेन बंद. अदलाबदल टाळायचा दुसरा मार्ग नाही. दागिने दोघींनी मिळून उतरवायचे, यादीत ‘पिवळ्या धातूचे मंगळसूत्र १, पांढऱ्या धातूची जोडवी २’ असं लिहायचं, फोनचं मॉडेल लिहायचं. लिंगायत पेशंटच्या गळ्यातलं इष्टलिंग आणि वारकऱ्याची तुळशीची माळ विचारल्याशिवाय काढायची नाही. ते दागिन्यांच्या यादीत बसत नाही.

नवीन मुलीला पहिला मृतदेह एकटीने आवरायला लावू नका, जुनीबरोबर द्या. नंतर पाच मिनिटं दोघींनी पाणी पिऊन बसायचं, काय बरोबर झालं आणि कुठे उशीर झाला एवढंच बोलायचं. ‘सवय होईल’ हे वाक्य वॉर्डात नको, कारण ज्यांना खरंच सवय होते त्या पेशंटच्या हाकेलाही ओ देत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, तेच दृश्य परत परत डोळ्यांपुढे, ड्यूटीला निघताना छातीत धडधड, असं असेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. हे तुम्हालाही लागू आहे, २०२१ ला इतकी वर्षं झाली तरी. वॉर्डाच्या कपाटातली अल्प्राझोलामची गुंगीची गोळी घेऊन झोपणं तुमच्याही पाहण्यात आलं असेल. ते दिसलं तर रिपोर्ट लिहायच्या आधी त्या मुलीशी बोला आणि तिच्या नाइट कमी करा.

कागद एका पानाचा ठेवा. मागच्या बाजूला ट्रॉलीची यादी: मॉर्फिन आणि फेंटानिल सोडून वरची सगळी औषधं, बटरफ्लाय, १० आणि २० मि.लि.च्या सिरिंज, सलाइन, पट्ट्या, गॉज, मलम, मार्कर, झिपच्या पिशव्या, चार्जर. ती दोन कुलपातच राहतील, किल्ली कुणाकडे ते यादीत लिहा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुदत तपासा. मिडॅझोलाम आणि ग्लायकोपायरोलेट ऑपरेशन थिएटरवाले मागून नेतात आणि परत देत नाहीत, तेवढं लक्ष असू द्या.